लिलाव तालुक्याला आणा: ट्रायला एक खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

नमस्कार साहेब,

पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या कन्सल्टेशन पेपरांना इंग्रजीत पन्नास-पन्नास पानी उत्तरं द्यायला मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे, आमच्यासारख्यांकडे नाही, तेव्हा हे असंच गोड मानून घ्या.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल-इंटरनेट ज्यांवर चालतं त्या रेडिओ लहरींचा, लिलाव होतो ह्याला माझी हरकत नाही, उलट लिलावच व्हावा ह्या मताचा मी आहे. हरकत आहे ती मापाला. तुमच्या शिफारशीवरून सरकार एका वेळी अख्खं सर्कल, म्हणजे जवळजवळ एका राज्याएवढा भाग, विकतं, वीस वर्षांसाठी विकतं, आणि मग त्यातल्या ज्या लहरी डोंगराआड खेड्यापाड्यांवर नुसत्या पडून राहतात त्या कुणी वापरायच्या, किती दिवस, काय भावाने, ह्याचा कुठे बाजारच नाही. तो बाजार उभा करा, तालुक्याच्या मापाचा, एवढंच मागणं आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, इंटरनेटचा छोटा धंदा करतो. लायसन्स सी कॅटेगरीचं, म्हणजे छोट्या भागापुरतं, पण लोक अजून केबलवालाच म्हणतात. राजूरपर्यंत फायबर ठीक चालतं, पुढे सगळा डोंगर, आणि रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी आमची वायर तोडतो आणि मग रस्ता करतो. म्हणून पुढच्या गावांना आम्ही ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ लावतो (हर्ट्झ हे लहरींचं माप, एक गिगा म्हणजे हजार मेगा). छपरावर पाइप, पाइपला डिश, समोरच्या गावात तशीच दुसरी डिश, दोघींची तोंडं एकमेकींकडे. २०१८ साली ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त झाला त्याचं मला खरंच कौतुक आहे, नाहीतर आमचा धंदाच उभा राहिला नसता. पण फुकट म्हटल्यावर सगळेच तिथे. संध्याकाळी जेवणं उरकली, लोक मोबाइल घेऊन बसले की सिग्नल दाखवतो वजा पंचावन्न, म्हणजे भरपूर, आणि स्पीड मात्र बसलेला, कारण खालचा नॉइज, म्हणजे इतरांच्या सिग्नलचा गोंगाट, वर चढलेला असतो. मग आम्ही चॅनल, म्हणजे पट्ट्यातला आपला तुकडा, बदलतो, दोन दिवसांनी समोरचाही तोच चॅनल पकडतो, मग कुणीतरी पॉवर वाढवतो, मग ते बघून दुसरा वाढवतो, शेवटी सगळ्यांची पॉवर फुल आणि सगळ्यांचा स्पीड अर्धा. अशा वेळी स्वच्छ वीस मेगाहर्ट्झसाठी मी पैसे मोजायला तयार आहे, खुशीने मोजीन, पण मला ते विकणारं कुणी नाही. आणि त्याच डोंगरावर त्याच वेळी लायसन्सच्या पट्ट्यातले कितीतरी मेगाहर्ट्झ रिकामे आहेत, लहरी तपासायचा ॲनालायझर लावला की स्क्रीनवर सरळ सपाट रेघ दिसते, म्हणजे तिथे कुणीच बोलत नाही.

आता हे रिकामं का राहतं ते बघा. तुमच्या नकाशात महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा. म्हणजे पणजी आणि गडचिरोली एकाच लॉटमध्ये. घेणाऱ्याला पुणे, नाशिक, नागपूर हवं असतं, आमचा डोंगर त्याला वर पावशेर मिळतो. तो तिथे टॉवर टाकणार नाही, त्याचा हिशोब बसत नाही, त्याला मी दोष देत नाही. पण मला तो तुकडा त्याच्याकडून घेता येतो का? नाही. २०१५ साली स्पेक्ट्रम वाटून वापरायचे (शेअरिंग) आणि दुसऱ्या कंपनीला विकायचे (ट्रेडिंग) नियम आले, मोठा गाजावाजा झाला, पण शेअरिंग फक्त दोन मोबाइल कंपन्यांमध्ये, दोघींकडे त्याच बँडमधला, म्हणजे लहरींच्या त्याच पट्ट्यातला, स्पेक्ट्रम असेल तर, आणि ट्रेडिंग करायचं तर अख्ख्या सर्कलचं, घेतल्यावर दोन वर्षं थांबून. त्या नियमांखाली झालेले व्यवहार बघा ना, २०२१ मध्ये एअरटेलने जिओला ८०० मेगाहर्ट्झ दिला तो आंध्र, दिल्ली, मुंबईचा, हजार कोटींच्या वर. हा हत्तींचा बाजार आहे, त्यात माझ्यासारख्याने उभं तरी कुठे राहायचं.

लहरींची गोष्ट कांद्यापेक्षाही नाजूक आहे. लासलगावला कांद्याचा भाव पडला तर शेतकरी चार दिवस चाळीत ठेवू तरी शकतो. आजचा न वापरलेला मेगाहर्ट्झ उद्या मिळत नाही, तो गेला तो गेला. आणि तरी कांद्याचा लिलाव रोज, आणि ह्याचा दोन-चार वर्षांतून एकदा.

बरं, तुमचा मोठा लिलाव तरी खरा लिलाव राहिलाय का, हे जरा मोकळेपणाने विचारतो, राग मानू नका. ७०० मेगाहर्ट्झचं उदाहरण. २०१६ मध्ये देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी अशी राखीव किंमत, म्हणजे त्याखाली विकायचं नाही असा भाव, ठेवली, एकाने हात वर केला नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी केली, तरी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केली तेव्हा एका कंपनीने दहा मेगाहर्ट्झ घेतला, तोही राखीव किमतीलाच. म्हणजे मधली सहा वर्षं हा बँड, जो डोंगरात आणि भिंतीतून खूप लांब जातो, जो आमच्या भागाला सगळ्यात जास्त उपयोगाचा होता, तो कुणाच्याच उपयोगी पडला नाही, आणि सरकारलाही त्यातून दमडी मिळाली नाही. त्याच २०२२ च्या लिलावात सात दिवस, चाळीस फेऱ्या, १,५०,१७३ कोटी जमले, टीव्हीवर आकडे झळकले, पण फेऱ्या लांबल्या त्या मुख्यतः यूपी ईस्ट, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेश सर्कलच्या १८०० मेगाहर्ट्झवरून, बाकी बराचसा माल राखीव किमतीलाच गेला. आणि जून २०२४ मध्ये तर दहा हजार मेगाहर्ट्झहून जास्त मांडला होता, विकला गेला १४१.४, शंभरातला दीडसुद्धा नाही. भाव बाजाराने ठरवायचा म्हणून लिलाव, आणि भाव ठरवणार तुम्ही आणि सरकार, हे काही जमत नाही.

तुम्ही म्हणाल मग लिलाव सोडून द्या, अर्ज करेल त्याला ठरावीक फी घेऊन देऊन टाकू. इथे मी जरा घाबरतो. २००८ चं टू-जी लायसन्सचं वाटप आठवतंय सगळ्यांना. आधी येईल त्याला आधी, आणि मग आधी कोण ते ठरवायची तारीखच मागे ओढली, २५ सप्टेंबर २००७ नंतरचे अर्ज बाहेर, आणि १० जानेवारीला दूरसंचार खात्याच्या संचार भवनात डिमांड ड्राफ्ट घेऊन पळापळ. शेवटी २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली. पुढे खटल्यातले आरोपी सुटले ते वेगळं, पण रांग लावून लहरी वाटायच्या नाहीत हा धडा त्यातून मिळाला तो मिळालाच. आणि दिल्लीतली रांग तशी तर तालुक्यातली कशी असेल, ते मला तुम्हाला सांगायला नको, कुणाचा फोन आला की कुणाचा अर्ज वर जातो हे आम्ही रोज बघतो. जिथे मागणारा एकच आहे तिथे खुशाल ठरावीक फी घ्या, ब्रिटनमध्ये तिथली ट्राय, म्हणजे ऑफकॉम, २०१९ पासून ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये छोट्या जागेसाठी दहा मेगाहर्ट्झला वर्षाला ८० पौंड घेऊन देते, उत्तम आहे. पण एकाच डोंगरावर तीन जण मागायला लागले की बोलीच लावावी लागते.

आता बोली कशी लावायची. ह्यात मला गोडी आहे, म्हणून जरा लांबड लावतो, सांभाळून घ्या.

बंद पाकिटातली बोली, जिंकणारा सगळ्यात वरचा, पण पैसे द्यायचे दुसऱ्या नंबरच्या बोलीएवढे. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये हे मांडलं आणि १९९६ ला त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ह्यातली मजा अशी की खोटं बोलून काही फायदाच नाही. मला तो चॅनल महिन्याला पाच हजारांचा वाटतो तर मी पाच हजारच लिहीन, कमी लिहिलं तर उगाच हरीन, जास्त लिहिलं तर कदाचित तोट्यात घेईन, आणि पाच लिहिल्याने माझा भाव वाढत नाही, भाव समोरच्याच्या बोलीवर ठरतो. आमच्यासारख्या धंद्यात, जिथे कन्सल्टंट ठेवायला पैसे नाहीत, तिथे हे फार मोलाचं आहे, डावपेच नकोत, आपल्याला काय परवडतं तेवढं लिहा आणि घरी जा.

पण न्यूझीलंडने १९९० च्या सुमाराला हेच केलं आणि राखीव किंमत ठेवायचीच विसरले. एकाने एक लाख डॉलरची बोली लावली आणि भरले सहा डॉलर. दुसऱ्याची बोली सत्तर लाखांची, भरले पाच हजार. एका विद्यार्थ्याने छोट्या गावच्या टीव्ही लायसन्सला एक डॉलर लावला, दुसरं कुणी नव्हतंच, त्याला ते फुकट मिळालं. तिकडे बोंबाबोंब झाली. तेव्हा राखीव किंमत पाहिजे, पण ती ११,४८५ कोटीवाली नको, कागदपत्राचा आणि देखरेखीचा खर्च निघेल एवढी, बस.

दुसरी गोष्ट जमिनीच्या किंवा गाडीच्या लिलावात नसते ती इथे आहे. एक चॅनल एकालाच विकायचा असं नाही. ज्यांचे सिग्नल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत त्या सगळ्यांना तोच चॅनल त्याच दिवशी विकता येतो. समजा एक धार आहे, अलीकडच्या खोऱ्यात एक जण, पलीकडच्या खोऱ्यात दुसरा, आणि तिसऱ्याला टॉवर धारेवरच टाकायचाय. धारेवरच्याचा सिग्नल दोन्हीकडे पडतो, खोऱ्यातल्या दोघांचा एकमेकांना पत्ताही नाही. धारेवरच्याची बोली साडेचार हजार, अलीकडच्याची तीन, पलीकडच्याची अडीच. एकेकटा बघितला तर धारेवरचा जिंकतो. पण खोऱ्यातल्या दोघांचे मिळून साडेपाच होतात, म्हणजे त्या दोघांना देण्यात गावाचं जास्त भलं आहे. मग विल्यम विक्रीच्या हिशोबाने, म्हणजे आपल्यामुळे बाकीच्यांचं जेवढं नुकसान झालं तेवढं भरायचं ह्या नियमाने, प्रत्येकाने किती द्यायचे? अलीकडच्याने धारेवरच्याचे साडेचार वजा पलीकडच्याचे अडीच, म्हणजे दोन हजार. पलीकडच्याने साडेचार वजा तीन, म्हणजे दीड हजार. एकूण आले साडेतीन. आता धारेवरचा भांडायला येणार, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही: मी साडेचार द्यायला तयार होतो आणि तुम्ही साडेतीन घेऊन त्या दोघांना दिलंत?

ह्याहून वाईट म्हणजे ते खोऱ्यातले दोघे खरोखर दोघे आहेत कशावरून. एक मेहुण्याच्या नावावर असू शकतो. दोघांनी ठरवून पाच-पाच हजार लिहिले तर दोघांचा भाव शून्यावर येतो, म्हणजे राखीव किमतीवर येऊन थांबतो. आमच्या तालुक्यात धंदेवाले सगळे एकमेकांचे पाहुणे, लग्नात एका पंगतीला बसणारे, तेव्हा संगनमत होणार नाही असं समजून नियम करू नका, होणार असं धरूनच करा. माझं मत असं की भावाच्या नियमात थोडी दुरुस्ती पाहिजे, जिंकणाऱ्यांनी मिळून निदान हरलेल्याच्या बोलीएवढं तरी भरलं पाहिजे, म्हणजे इथे साडेचार, ते दोघांत वाटून. काही देशांच्या मोठ्या लिलावांत अशा धर्तीचे नियम वापरलेत. त्याने खरं बोलण्याचा फायदा किंचित कमी होतो, पण धारेवरचा कोर्टात जात नाही, आणि आपल्याकडे कोर्टात न जाणं हे सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय प्रत्येक लिलावानंतर सगळ्या बोल्या जाहीर करा, नावासकट, मेहुणे आपोआप उघडे पडतील.

कोणाचा सिग्नल कोणाच्या अंगावर येतो हे शोधणं आणि त्यातून बेस्ट जुळणी काढणं हे गणित गावं वाढली की कॉम्प्युटरलाही फेस आणतं, हे मला माहितीये. पण ते करून झालंय. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये टीव्ही चॅनलवाल्यांकडून ६०० मेगाहर्ट्झ परत विकत घेऊन मोबाइल कंपन्यांना विकला, तेव्हा कुठलं स्टेशन कुठल्या चॅनलवर सरकवलं तर कुणाशी भांडतं हे तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फेरीत चालत होतं, अख्ख्या देशासाठी. अकोले तालुक्यासाठी एक साधा लॅपटॉप पुरेल.

आणि त्या लिलावात अजून एक गोष्ट झाली ती इथे सगळ्यात कामाची. गोळा झाले एकोणीस अब्ज डॉलरच्या वर, त्यातले दहा अब्ज ज्यांनी लहरी सोडल्या त्या टीव्हीवाल्यांना मिळाले. आपल्याकडच्या कंपन्या लगेच म्हणणार आम्ही पैसे भरलेत, आमच्या मालाला हात लावू नका. ठीक आहे ना, माल तुमचाच, त्या डोंगरावरचा भाडेपट्टा लिलावात आला तर मोठा हिस्सा तुमचाच, थोडा सरकारचा. तुम्हाला स्वतःला टॉवर टाकायचा असेल त्या दिवशी नोटीस द्या, आम्ही उठतो. पण वापरणारही नाही आणि देणारही नाही, हे तिसरं चालू देऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या सातव्या कलमात न वापरलेला स्पेक्ट्रम परत घ्यायचा अधिकार सरकारला आहेच, शेअरिंग, ट्रेडिंग, लीजिंगला (भाड्याने द्यायला) परवानगी द्यायचाही आहे. कायदा झालाय, नियम तेवढे बारीक मापाचे करायचे राहिलेत.

खाजगी नेटवर्कसाठी, म्हणजे कारखान्यांसाठी, २०२२ पासून कंपन्यांकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेता येतो. पण भाव दोघांनी बसून ठरवायचा. एका बाजूला हजारो कोटींची कंपनी, दुसऱ्या बाजूला मी, ह्यात ठरवणार कोण ते उघड आहे. मी एकदा एका कंपनीच्या सर्कल ऑफिसला भाड्याबद्दल मेल टाकून बघितला होता, उत्तरात मला पोस्टपेड प्लॅनची माहिती आली.

धाक वाटत असेल की छोट्यांना दिलं तर गोंधळ होईल, तर अमेरिकेतला ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा बघा. तिथे सगळ्यात वर नौदलाची रडार, ती चालू झाली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. मध्ये लिलावात घेतलेले दहा-दहा मेगाहर्ट्झचे तुकडे, काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, मापाचे, दहा वर्षांचे. खाली सगळ्यांना मोकळं, आणि मधल्याने नाही वापरलं तर खालच्याने वापरायचं, रेडिओने आधी सॉफ्टवेअरला विचारायचं आणि मगच बोलायचं. २०२० च्या त्या लिलावात २२८ जण जिंकले. त्यात मोठ्या कंपन्या होत्याच, पण गावोगावचे छोटे इंटरनेटवाले होते, वीज कंपन्या होत्या, जॉन डिअरसुद्धा होती, हो तीच ट्रॅक्टरवाली, जिचा कारखाना आपल्या सणसवाडीत आहे. तिने आपल्या फॅक्टऱ्या असलेल्या काउंट्यांपुरतंच घेतलं. माप छोटं केलं की खरेदीदार असे बिळातून बाहेर येतात. आपल्याकडे २०२२ ला बोली लावणारे किती होते? चार. त्यातल्या चौथ्याने, म्हणजे अदानींनी, २१२ कोटींना ४०० मेगाहर्ट्झ घेतला आणि २०२५ मध्ये तो एअरटेलला द्यायचं ठरलं, म्हणजे पुन्हा तीनच.

मग सुरुवात कुठून करायची, तर माझं म्हणणं पालघरपासून करा. तिथे आयआयटी बॉम्बेने ग्राम मार्ग नावाने टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या लहरींवर आदिवासी गावांना इंटरनेट देऊन दाखवलंय, २०१७ ला फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं बक्षीसही मिळालं. त्यांनीच केलेल्या अभ्यासात त्या पट्ट्यातल्या पंधरापैकी निदान बारा चॅनल देशात जवळजवळ सगळीकडे रिकामे निघाले होते, आणि तेव्हा दूरदर्शनचे जुने ट्रान्समीटर चालू होते. २०२२ पर्यंत त्यातले बहुतेक बंदही झाले. झाडी, डोंगर, पाऊस, सगळं आमच्यासारखंच. एक जिल्हा, एक वर्ष, तीन-तीन महिन्यांचे पट्टे, तालुक्याच्या मापाची जागा, दहा मेगाहर्ट्झच्या आतले तुकडे, आणि एकट्याने एका जागी निम्म्याहून जास्त घ्यायचं नाही. निकाल काय लागला तो सगळ्यांना दिसू द्या, वाईट लागला तरी.

एक शेवटचं, क्षुल्लक वाटेल पण आमच्यासाठी तेच खरं दार आहे. बोली लावायला अनामत रक्कम ठेवावी लागते. ती पट्ट्याच्या राखीव किमतीच्या प्रमाणात ठेवा, नेटवर्थची अट लावू नका, आणि बँक गॅरंटीच्या ऐवजी यूपीआयने घ्या. तालुक्याच्या बँकेत गॅरंटी काढायला गेलं की मॅनेजर आधी एफडी करायला सांगतो, आणि तेवढे पैसे एफडीत अडकवले तर रेडिओ कशाने घेणार.

आपला,
राजूरकडचा एक केबलवाला